मावशी जिना चढते

आमच्या जिन्याच्या वळणावर फोन मरतो, ही बातमी मला आईकडून नव्हे, तर शेजारच्या अनुभवींकडून कळली. अनुभवी हे त्यांचं आडनाव नाही. आजार, यंत्र किंवा पाहुणा, कुठलाही विषय काढा, "आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं" असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढतात, म्हणून आमच्या घरात त्यांना हे नाव पडलं आहे. त्या दिवशी ते कुंपणापलीकडून म्हणाले, "तुमच्या आई रोज संध्याकाळी जिन्यात उभ्या राहून हॅलो हॅलो करत असतात. आमच्या खिडकीतून दिसतं. मग बिचाऱ्या फोन गळ्यात तसाच ठेवून वर जातात. आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं."

आपल्या घरात काय चाललं आहे ते शेजाऱ्याने सांगावं आणि आपण "हो हो, माहीत आहे" असा चेहरा करावा, यात माणसाची फार शक्ती खर्च होते. मी तो चेहरा केला आणि तडक आईकडे गेलो.

"तुटतो ना," आई म्हणाली. "रोजच तुटतो. वळणावर आलं की ताईचा आवाज खरखरतो आणि गेलीच ती."

"मग बोलली नाहीस ते कधी?"

"तू दमून येतोस. आणि धाकट्याच्या दुकानात तर गर्दीच असते."

ताई म्हणजे आईची थोरली बहीण, आमची मावशी. ती दुसऱ्या गावी असते आणि बरेच दिवस अंथरुणावरच आहे. आईचा फोन गेला की मावशीची सून तो उचलते, रिसीव्हर उशीवर मावशीच्या कानाशी नीट टेकवते आणि शिवणाच्या दुकानात कामाला निघून जाते. मावशीचे हात आता रिसीव्हर उचलून जागेवर ठेवण्याइतके चालत नाहीत. त्यामुळे फोन एकदा तुटला की सून परत येईपर्यंत तो उशीवर तसाच पडून राहतो, आणि इकडून कितीही वेळा लावला तरी एंगेज्ड लागतो. तिकडे मावशीच्या कानाशी नुसती टूं टूं चालू असते. तुटला की त्या दिवसाचं बोलणं संपलं.

बरं, हे बोलणं बसून करण्यासारखं नव्हतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज एकदा कठडा धरून सावकाश जिना चढायला सांगितलं. मावशीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "चल, मीही येते तुझ्याबरोबर." तेव्हापासून दोघी बहिणी रोज संध्याकाळी आमच्या घरातून फिरायला निघतात. आई सांगत जाते, "आता दारातून बाहेर पडलो. चपला मधेच काढल्यात यांनी, बाजूने ये." मावशी बाजूने येते. "आता पहिली पायरी. कठडा धर." मावशी कठडा धरते. दोघींना जायचं असतं गच्चीत. समोरच्या इमारतीच्या गच्चीत एक निळी चादर वाळत असते, असं आईने तिला कधीतरी सांगितलं होतं, आणि ती कोणाची, रोज का धुतात, यावर मावशीचे बरेच अंदाज आहेत. पण मावशी वळणाच्या पुढे कधी पोचलेलीच नाही. आई दुसऱ्या दिवशी तिला "काल होती चादर" असं सांगते, आणि मावशी म्हणते, "कालचं राहू दे. आज दाखव."

मोबाईल का नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो सगळ्यांच्याच मनात येतो. मोबाईल दिला होता. आईचा गाल लागला की तो बंद व्हायचा, आणि गाल न लावता बोलायचं कसं हे आईला आणि तिच्या गालाला जमलं नाही. शिवाय आमच्या घरात मोबाईलवर बोलायचं तर खिडकीच्या गजांना चिकटून उभं राहावं लागतं. घरच्या लाइनवरच्या बिनतारी कॉर्डलेसला चांगली दाबता येतील अशी बटणं आहेत आणि तो दोरीने गळ्यात अडकवता येतो. जिना चढताना एक हात कठड्याला लागतो, ही डॉक्टरांची अट आहे.

आता घराची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खाली धाकटा भाऊ, वर आम्ही, त्याच्या वर गच्ची. आई झोपते खाली, सकाळ आणि दुपारचं जेवण खाली. संध्याकाळपासून ती वर, रात्रीचं जेवण आमच्याकडे, मग धाकटा हात धरून तिला खाली नेतो. ही वाटणी मी केली. मी एका मोठ्या कार्यालयात आस्थापना विभाग सांभाळतो. एकच काम दोन टेबलांवर गेलं की ते कोणीच करत नाही, हा माझा नोकरीभराचा सिद्धांत आहे. कुठलं काम कोणाचं याची रेघ एकदा स्वच्छ मारली की भांडण राहत नाही. धाकट्यामध्ये आणि माझ्यामध्ये भांडण नाही, ते यामुळेच. फारसं बोलणंही नाही, पण ते वेगळं.

तर मी हे काम हातात घेतलं. घेतल्याचं धाकट्याला कळवलं नाही. फोन आईचा, आई संध्याकाळची, म्हणजे विषय माझ्या टेबलाचा.

सल्ले न मागता आले. अनुभवींचं म्हणणं, तुमच्या जिन्याच्या कठड्यात लोखंड फार आहे, तेच सगळं खातं. कठडा काढून टाका. समोरच्या काकू म्हणाल्या, असल्या लहरींनी त्यांची कुंडीतली झाडं माना टाकतात, तेव्हा फोनच काढून टाका. दोघांचंही ऐकलं असतं तर आई, कठडा आणि फोन यांपैकी एक आईच उरली असती.

माझा पहिला उपाय साधा होता. वर दुसरा कॉर्डलेस आणायचा, त्याच लाइनवर. आई खालचा घेऊन निघेल, वळणावर वरचा कानाला लावेल, मग खालचा बंद करेल. पहिल्याच दिवशी आई गळ्यात दोन फोन घालून निघाली. वळणावर दोन्ही फोन एकमेकांना ऐकू लागले आणि असा कर्कश आवाज झाला की अनुभवी खिडकीत आले. आईने दोन हात दोन्ही कानांवर ठेवले. म्हणजे कठड्यावर एकही उरला नाही. माझी बायको वरून धावत आली आणि आईला धरून तिने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कॉर्डलेस मी त्याच दिवशी दुकानात परत नेला.

दुकानातला विक्रेता मात्र हुशार निघाला. "तुम्हाला दुसरा फोन नको, दुसरा बेस हवा," तो म्हणाला. कॉर्डलेसची जी पेटी भिंतीपाशी असते, जिच्याशी हातातला फोन बोलतो, तिला बेस म्हणतात. एका बेसचा आवाका संपला की फोन मरतो. पण मोठमोठ्या गोदामांत, हॉटेलांत असे अनेक बेस एकमेकांना जोडून लावतात, आणि माणूस बोलत बोलत चालला की त्याचा फोन एका बेसवरून दुसऱ्यावर आपला आपण जातो. "बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही," विक्रेता म्हणाला. ते वाक्य मला फार आवडलं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर काम जावं आणि कोणाला कळू नये, हे मी आयुष्यभर स्वप्नातच पाहत आलो होतो.

मी दुसरा बेस आणला आणि सुटीच्या दिवशी घराचा नकाशा काढला. लाल पेन्सिलीने वळणावरून रेघ मारली. खालचा बेस धाकट्याच्या घरात अगदी टोकाला, आईच्या पलंगाशी होता, तो तिथेच ठेवला. वरचा लावला गच्चीच्या दाराशी. दोघांत जितकं अंतर जास्त तितका आवाका मोठा, कुठेही दुबार काम नाही, कुठेही नासाडी नाही. संध्याकाळी आई निघाली. वळणावर मावशी खरखरली आणि गेली.

आई दोनदा "ताई, ताई" म्हणाली. मग फोन कानावरून काढून तिने त्याच्याकडे पाहिलं, पदराने तो पुसला आणि वर आली. माझा नकाशा टेबलावर तसाच पसरलेला होता.

मग मी मदत केंद्राला फोन केला. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमची तक्रार योग्य आहे. पण बेसचा विभाग वेगळा, हातातल्या फोनचा विभाग वेगळा. जोडून देते, लाइनवर राहा." मग संगीत लागलं. मग संगीत तुटलं. पुन्हा लावला तेव्हा एक गृहस्थ आले, त्यांना पहिल्यापासून सांगितलं, आईच्या गुडघ्यासकट. त्यांनीही जोडून दिलं, पुन्हा संगीत, पुन्हा शांतता. शेवटी ज्या कोणी आल्या त्यांनी विचारलं, "सर, तुमचा कॉल नेमका कुठे तुटतो?" मी म्हणालो, "तुम्ही जोडून देताना." त्यांनी ते लिहून घेतलं असावं, कारण नंतर मला त्याच मजकुराची पोच आली.

माहितीपुस्तक मी शेवटी वाचलं. माणूस ते शेवटीच वाचतो. त्यात लिहिलं होतं की कोणत्या बेसला कधी सोडायचं हे बेस ठरवत नाहीत, हातातला फोनच ठरवतो. पुढचा बेस नीट ऐकू येऊ लागल्याशिवाय तो मागच्याला सोडत नाही. मागचा कितीही क्षीण झाला, खरखरला, तरी हा त्यालाच कान लावून बसतो, पार आवाज बंद होईपर्यंत. हे वाचून मला त्या फोनचा आधी राग आला आणि मग जरा वेळाने आला नाही.

बायको ड्यूटीवरून आली तेव्हा मी नकाशासमोर बसलो होतो. ती मोठ्या इस्पितळात सिस्टर आहे. चपला काढता काढता तिने नकाशाकडे पाहिलं.

"या रेघेवर कोण असतं?" तिने विचारलं.

"रेघेवर कोणी नसतं. अलीकडे हा बेस, पलीकडे तो. रेघ ती रेघ."

"आणि आई रेघेवर असतात तेव्हा?"

मी पेन्सिल खाली ठेवली. ती पाण्याचा ग्लास घेऊन समोर बसली. "आमच्या वॉर्डात ड्यूटी बदलते ना, तेव्हा जाणारी निघून गेली आणि मग येणारी आली, असं चालत नाही. दोघी पलंगापाशी उभ्या राहतो. मी सांगते, तिने ऐकायचं, पेशंटकडे दोघींनी बघायचं. ती 'घेतलं' म्हणाली की मग मी निघते. तेवढा वेळ एका पेशंटला दोन सिस्टर असतात."

"म्हणजे तेवढा वेळ एकीचं काम फुकट जातं."

"जातं," ती म्हणाली. "पेशंट जात नाही."

माझ्या विभागात हे वाक्य कोणी बोललं असतं तर मी त्याला कारण विचारलं असतं. इथे मी रबर शोधला.

बेस जवळ आणायचे, हे कळलं. दोघांनाही वळण दिसलं पाहिजे, दोघांनाही एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे. वरचा आमच्या दाराबाहेर लावता येत होता. खालचा लावायचा तर धाकट्याच्या दाराबाहेर, जिन्यालगतच्या भिंतीवर. आणि ती भिंत माझ्या वाटणीप्रमाणे माझ्या टेबलाची नव्हती. मी खाली गेलो. किती दिवसांनी गेलो, हे दार उघडताना धाकट्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

धाकट्याचं चष्म्याचं दुकान आहे. समोरच्याचं बोलणं ऐकताना तो दोन्ही भुवया वर करतो, जणू आपण तक्ता वाचतो आहोत. त्याची बायको दुपारपासून संध्याकाळपर्यंत मुलांच्या शिकवण्या घेते; आतून पाढे ऐकू येत होते.

"भिंतीला आमची ना नाही, दादा," तो म्हणाला. "पण मग तुमच्या वरच्या बेसची रेंज आमच्या हॉलपर्यंत येणार."

"येणार. आणि तुझ्या खालच्याची आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. आलीच पाहिजे. त्याशिवाय जमत नाही."

"वाटणी तर तुम्हीच केली होती."

"रेघ चुकली माझी," मी म्हणालो. हे वाक्य मी कार्यालयात कधी उच्चारलेलं नाही, त्यामुळे ते जरा मोठ्याने निघालं. आतले पाढे क्षणभर थांबले.

धाकट्याने भुवया खाली घेतल्या. "मावशी वर पोचत नाही, हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं रोज गच्चीत जातात त्या." मग त्याने ड्रिल मशीन आणलं, चपलांचं कपाट स्वतः सरकवलं आणि भिंतीला भोक पाडलं. पहिलं भोक चुकीच्या जागी पडलं, ते माझ्या सांगण्यावरून, आणि त्यातून बराच चुना त्याच्या डोक्यावर आला. दुसरं त्याने मला न विचारता पाडलं आणि ते बरोबर आलं. अनुभवी खिडकीतून हे सगळं पाहत होते. आमच्याकडेही असंच झालं होतं, असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ वळणावर उभे राहिलो, मी भिंतीकडे पाठ करून, धाकटा समोरच्या कोपऱ्यात. खरखर कुठे होते ते नीट ऐकू यावं म्हणून मी आईचा फोन स्पीकरवर टाकून दिला होता. तिला ते सांगितलंही होतं. पण मावशीचा आवाज आला आणि आई ते विसरली.

"निघालीस का गं?" मावशीचा आवाज फार बारीक होता. असा झालेला मला माहीत नव्हता.

"निघाले. चल. आता दारातून बाहेर पडलो. आज चपला नाहीत मधे."

"बरं झालं. दोन्ही पाय टेकव एका पायरीवर. घाई नको."

आई एक एक पायरी चढत होती. गळ्यातली दोरी हलत होती, एक हात कठड्यावर होता. वळणाच्या दोन पायऱ्या अलीकडे मावशीने विचारलं, "चहा झाला का?"

"नाही."

"आजही नाही?"

"अगं, खालच्यांना वाटतं वर गेल्यावर घेते. वरच्यांना वाटतं खालून घेऊनच आली. दोघांचं बरोबरच आहे. आता या वयात चहासाठी कुठे सांगत बसू. वर जाऊन पाणी पिते."

"सांगायचं की गं."

"मग एकाला वाटेल की दुसऱ्याचं चुकलं. असू दे. छान वाटण्या करून दिल्यात त्यांनी, मधे मी कशाला बोलू."

माझ्याकडे धाकटा पाहत नव्हता आणि मी धाकट्याकडे. आम्ही दोघेही खालच्या चपलांच्या कपाटाकडे पाहत होतो. सकाळ खाली, दुपार खाली, संध्याकाळपासून वर; मी प्रत्येक जेवण लिहून दिलं होतं. चहा नेमका रेघेवर होता. किती दिवस तो तिथे होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आई आमच्या मधून, कठडा धरून, बोलत बोलत वर गेली. आम्ही बाजूला सरकून तिला वाट दिली. पाठमोरी आई किती लहान दिसते, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

धाकटा खाली गेला. मी वर आमच्या स्वयंपाकघरात गेलो. बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुधाचं भांडं पुढे सरकवलं. चहा मला नीट येत नाही. तो उकळून बाहेर आला, मग उरलेला मी कपात ओतला आणि गच्चीत निघालो. दाराशी धाकटा भेटला. त्याच्या हातातही कप होता, त्यावर बशी झाकलेली, आणि डोक्यात अजून चुना.

आई गच्चीच्या कट्ट्यावर बसली होती. फोन गळ्यातच होता.

"वळण आलं का गं?" मावशी विचारत होती. "मी केव्हाची कठडा धरून बसलेय. आलं की सांग, म्हणजे आधीच निरोप घेऊन टाकू. रोज अर्धवट राहतं."

आईने इकडेतिकडे पाहिलं. मग तिने आम्हाला पाहिलं, आमच्या हातातले दोन कप पाहिले, आणि फोनवरचा स्पीकरचा दिवाही पाहिला. तिला सगळं समजलं असावं.

"ताई," ती म्हणाली, "जिना मागेच गेला. आपण गच्चीत बसलोय."

पलीकडून बारीक खरखर आल्यासारखी वाटली. धाकट्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. पण ती खरखर नव्हती, मावशी नाक ओढत होती.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली. "आहे का गं चादर?"

"आहे. निळीच आहे. वारा आहे आज, फडफडतेय."

"बघते मी. तू चहा घे आधी."

"दोन आलेत," आई म्हणाली.

"मग दोन्ही घे," मावशी म्हणाली. "मी आहे इथे."